‘बॅन’ची दवंडी

यॉर्क, रविवार रात्र

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

गेल्या फोनवर तुम्ही ठासून सांगितलंत, की इंग्रजीतलं ‘बॅन’ हे क्रियापद आपल्या ‘बंदी’चंच भावंड असणार. ‘बॅन’ आणि ‘बंदी’, कानाला तर सख्खीच वाटतात. मी तेव्हा हो ला हो केलं, कारण मागून आईचा कुकर ओरडत होता. पण आज एक गंमत झाली, म्हणून पत्र लिहायला बसले.

ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न ठरलंय. ती म्हणाली, आज चर्चमध्ये आमचे ‘बॅन्स’ वाचणार आहेत, येतेस का? मी चरकले. लग्नालाच बंदी? जाऊन बघते तर पाद्रीबाईंनी दोघांची नावं भरसभेत वाचली आणि विचारलं, या लग्नाला कुणाची कायदेशीर हरकत असेल तर सांगा. असं लग्नाआधी तीन रविवार वाचतात. रजिस्टर लग्नाची नोटीस आपल्याकडे तीस दिवस फळ्यावर लावतात ना, तसंच. फक्त इथे ती तोंडी असते. रोमच्या चर्चनं 1215 च्या परिषदेत हा नियम सगळीकडे लागू केला. पुढे चोरून होणाऱ्या लग्नांना आळा घालायला इंग्लंडच्या संसदेनं 1753 मध्ये कायदाच केला, की एक तर बॅन्स वाचा, नाहीतर परवाना आणा.

घरी आल्यावर शब्दकोश उघडला. हा ‘बॅन्स’ आणि मनाईवाला ‘बॅन’ एकाच घरचे निघाले! जुन्या इंग्रजीत ‘बन्नन’ म्हणजे जाहीरपणे पुकारणं, हुकूम देऊन बोलावणं. म्हणजे चक्क दवंडी. ‘करू नका’ हा भाग त्यात नंतर शिरला. इथं उत्तरेत डेन्मार्ककडचे लोक येऊन राहिले, यॉर्क तर त्यांनी 866 मध्येच घेतलं होतं. त्यांच्या ‘बन्ना’चा अर्थ मना करणं आणि शिव्याशाप देणं असाही होता. स्कॉटलंडच्या बोलीत ‘बॅन’ म्हणजे शिवी हासडणं, हा अर्थ त्यातूनच राहिलाय. पुकारणं, शापणं आणि रोखणं या तिन्हींची सरमिसळ होता होता आज मनाईच तेवढी पुढे उरली आहे. वर्तमानपत्रांचा तर हा लाडका शब्द: तीन अक्षरांत मथळा होतो.

या घराण्याचा गोतावळा बघून तुम्हाला मजा वाटेल. ‘बँडिट’ म्हणजे मुळात दरोडेखोर नव्हे, तर ज्याच्या नावानं दवंडी पिटून हद्दपार केलं तो. बिचारा मग रानात जाऊन दुसरं काय करणार? ‘कॉन्ट्राबँड’ म्हणजे जाहीरनाम्याविरुद्धचा माल. आणि ‘बनाल’, म्हणजे अगदी सामान्य, रटाळ, तोही यातलाच. फ्रान्समध्ये जहागीरदाराचा हुकूम असे, की दळण माझ्याच गिरणीत, पाव माझ्याच भट्टीत. ही हुकमाची गिरणी म्हणजे ‘बनाल’ गिरणी. सगळा गाव तिथेच रांगेत उभा, म्हणून ‘सगळ्यांचं’, आणि सगळ्यांचं म्हणून ‘त्यात काय विशेष’! शब्दाचं असं पीठ झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता तुमच्या ‘बंदी’कडे येते. ती फारसीतल्या ‘बंद’वरून आली आणि नात्यानं आपल्या ‘बंध’ची, ‘बांधण्या’ची. इंग्रजीत तिचं भावंड ‘बाइंड’ आहे. ‘बॅन’ त्या घरातला नाही. (आपली ‘मनाई’ तर तिसरीच, अरबीतून आलेली.) म्हणजे आपण मना करताना बांधतो आणि इंग्रज मना करताना ओरडून सांगतो.

पण हरलात असं समजू नका. पुकारण्याच्या त्या मूळ धातूचं नातं संस्कृतातल्या ‘भन्’, ‘भण्’शी लावतात, म्हणजे बोलणं. आणि ‘भणति’चं प्राकृतातून येता येता मराठीत काय झालं? ‘म्हणणं’! तेव्हा ‘बॅन’ हा ‘बंदी’चा कुणी नसला, तरी आपल्या ‘म्हणे’चा लांबचा चुलतभाऊ आहे. तहसील कचेरीत तुम्ही इतके जाहीरनामे काढलेत, एवढं नातं तुम्हाला पुरे.

दादानं कळवलं, की तुमच्या चहातली साखर आईनं बंद केली आणि तेही आत्या-काका सगळे जमलेले असताना. म्हणजे हा अस्सल, जुन्या अर्थाचा बॅन झाला: भरसभेत पुकारलेला, आणि कुणी हरकत घेतली नाही. आता मागच्या खोलीतल्या डब्यात हात घातलात तर तो माल कॉन्ट्राबँड ठरेल, लक्षात ठेवा.

पार्सल परवा टाकलंय. त्यातली बिस्किटं आईच्या नावावर आहेत. तुमच्यासाठी लोकरी मोजे आहेत, निळे. मापाचे झाले का ते कळवा.

तुमची,
माऊ