लोणारचे पाणी ग्रॅममध्ये मोजून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विज्ञानविषयक पानावर गेल्या आठवड्यात आलेला लोणार सरोवरावरील लेख वाचला. विवराची माहिती नेटकी होती, छायाचित्रेही चांगली होती. मात्र त्यातील एका विधानाबद्दल हरकत नोंदवावीशी वाटते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे रसायनशास्त्र शंभर वर्षांपूर्वीच पूर्ण झाले असून आता लिटरमागे किती ग्रॅम क्षार आहेत एवढेच मोजायचे उरले आहे, असा त्या विधानाचा आशय होता. नागपुरात तीस वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना भौतिक रसायनशास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण ते वाचून गप्प बसवेना.

ग्रॅमचा आकडा का अपुरा पडतो, हे आपल्या स्वयंपाकघरातील मिठाची बरणीच सांगते. मे महिन्यात दुपारी नागपूरच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते, तेव्हा मीठ कोरडे, मोकळे असते. जुलैत तेच मीठ ओले होऊन बरणीच्या तळाशी पाणी सुटते. याचे कारण असे की साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावरील बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाच्या सुमारे 75 टक्के असतो. हवेतील आर्द्रता त्याहून वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढू लागते. जाडे मीठ लवकर पाझरते, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि त्याच्या संपृक्त द्रावणासाठी हीच मर्यादा केवळ 33 टक्क्यांच्या आसपास आहे. थोडक्यात, द्रावणात पाणी किती आहे आणि त्यातले किती पाणी पाण्यासारखे वागण्यास मोकळे आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला रसायनशास्त्रात क्रियाशीलता म्हणतात. क्षार विरघळल्यावर सुटणाऱ्या विद्युतभारित कणांना, म्हणजे आयनांनाही हीच गोष्ट लागू होते. त्यांची मोजून आलेली संहती (पाण्यातील प्रमाण) एक असते आणि प्रत्यक्षातील प्रभावी संहती दुसरी. प्रभावी संहतीचे मोजलेल्या संहतीशी असलेले गुणोत्तर म्हणजे क्रियाशीलता गुणांक.

लेखकाने ज्या शंभर वर्षांपूर्वीच्या कामाचा उल्लेख केला, ते बहुधा डेबाय आणि ह्यूकेल या शास्त्रज्ञांचे, द्रावणातील आयनांच्या परस्पर विद्युत आकर्षणावरचे 1923 मधील काम असावे. (त्याआधी पाच वर्षे, 1918 मध्ये, आपल्याकडील ज्ञानचंद्र घोष यांनी तीव्र विद्युत अपघटनी पदार्थ (मिठासारखे क्षार) द्रावणात पूर्णपणे आयनांत विभक्त होतात हे गृहीत धरून सिद्धांत मांडला होता. त्यांनी द्रावणातील आयन स्फटिकातल्यासारखे जागच्या जागी बसवले आणि तिथेच तो सिद्धांत अडला. पण प्रश्न त्यांनी अचूक हेरला होता, आणि त्यांचे नाव आमच्या वर्गात क्वचितच घेतले जाते याची मला खंत आहे.) डेबाय-ह्यूकेल सिद्धांत देखणा आहे, पण तो अतिशय विरल द्रावणांचा आहे. एक किलो पाण्यात सुमारे 58 ग्रॅम मीठ विरघळवले, म्हणजे एक मोलल द्रावण केले, की त्यांच्या मर्यादा-नियमानुसार (विरल द्रावणांसाठीच्या सूत्रानुसार) मिठाचा क्रियाशीलता गुणांक 0.31 यायला हवा. प्रयोगात तो 0.66 येतो. द्रावण आणखी तीव्र करत सहा मोललपर्यंत, म्हणजे जवळजवळ संपृक्त अवस्थेपर्यंत नेले, तर नियम 0.06 च्या जवळचा आकडा सांगतो आणि प्रयोग सांगतो जवळजवळ 1. आधी घसरलेला गुणांक पुन्हा वर चढतो, हे त्या सूत्रात मुळातच नाही. मॅग्नेशियम सल्फेटचा गुणांक तर एक मोललला 0.05 एवढाच उरतो. जे शास्त्र समुद्राच्या पाण्यालाही पुरत नव्हते, ते लोणारला कसे पुरावे?

ही कोंडी ज्या संशोधनाने मोठ्या प्रमाणात फोडली, ते केनेथ पिट्झर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचे, आणि ते 1973 पासून प्रसिद्ध होऊ लागले. पिट्झर यांचा जन्म 1914 चा. 1949 ते 1951 या काळात ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे संशोधन संचालक होते, पुढे राइस विद्यापीठाचे आणि नंतर स्टॅनफर्डचे अध्यक्ष झाले. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनाच्या धामधुमीत 1970 मध्ये त्यांनी स्टॅनफर्डचे पद सोडले आणि ते बर्कलीला आपल्या जुन्या विषयाकडे परतले. पेट्रोलियमचे अभियंते त्यांना वायू व द्रवांच्या वर्तनाच्या गणितात लागणाऱ्या 'असेंट्रिक फॅक्टर' या अंकामुळे आधीपासून ओळखत होतेच. पण क्षारांच्या द्रावणांवरचे त्यांचे हे काम वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर सुरू झाले. आपल्याकडे या वयात सत्कार समारंभ होतात.

त्यांनी केले ते असे. दूर अंतरावरील विद्युत आकर्षणासाठी डेबाय-ह्यूकेलचा भाग त्यांनी थोडा सुधारून ठेवला आणि त्याला आयन अगदी जवळ आल्यावर दोघांत, तसेच तिघांत, काय घडते याची पदे जोडली. बहुतेक साध्या क्षारांना तीन स्थिरांक पुरतात. हे स्थिरांक केवळ कागदावर सुचत नाहीत. त्यांमागे अनेक प्रयोगशाळांत दशकानुदशके झालेली मोजमापे आहेत. त्यांपैकी समबाष्पदाब पद्धत मला फार आवडते, कारण ती म्हणजे मिठाच्या बरणीचीच शास्त्रशुद्ध आवृत्ती होय. एका बंद पात्रात दोन छोट्या वाट्या ठेवायच्या, एकीत माहितीतल्या क्षाराचे द्रावण, दुसरीत तपासायच्या क्षाराचे. पाणी वाफेच्या रूपाने एकीतून दुसरीत जात राहते आणि कित्येक दिवसांनी दोन्हींवरचा बाष्पदाब सारखा झाला की वाट्या उचलून तोलायच्या. धीर आणि चांगला तराजू, एवढीच मुख्य सामग्री. अशा आकड्यांच्या आधारे पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक क्षारांचे स्थिरांक काढले. खरा लाभ पुढे झाला: एकेका क्षाराच्या, आणि दोन-दोन क्षारांच्या मिश्रणांच्या मोजमापांवरून अनेक क्षार एकत्र असलेल्या पाण्याचे वर्तन आधीच सांगता येऊ लागले.

समुद्राचे पाणी आटताना कोणता क्षार आधी बसतो, कोणता नंतर, हे कोडे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळवणाऱ्या व्हान्ट हॉफ यांनी जर्मनीतील श्टासफुर्टच्या क्षारसाठ्यांच्या निमित्ताने कितीतरी वर्षे प्रयोगांतून सोडवत आणले होते. पिट्झरची समीकरणे वापरून हार्वी आणि वीअर या संशोधकांनी 1980 मध्ये तोच क्रम गणिताने मांडून दाखवला, आणि 1984 मध्ये त्यात कार्बोनेटही समाविष्ट झाले. इथे लोणारचा संबंध येतो. बेसाल्टच्या खोलगट विवरात साचलेल्या त्या पाण्याचा सामू (पीएच) 10 च्या आसपास असतो. पाणी आटत जाताना कॅल्शियम आधीच कार्बोनेटच्या रूपात खाली बसते आणि उरतात सोडियम, कार्बोनेट आणि क्लोराइड. पूर्वी या तलावातून सोड्याचे क्षार काढले जात, ते याच कारणामुळे. अशा पाण्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण, त्यावर ठरणारा सामू आणि उन्हाळ्यात काठावर कोणता क्षार कधी पांढरा पडेल, या साऱ्यांचा हिशेब क्रियाशीलतेवाचून लागत नाही. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची चर्चा भरपूर झाली. पण त्या सूक्ष्मजीवांनाही आपल्या पेशीत पाणी टिकवण्याची झुंज द्यावी लागते ती पाण्याच्या क्रियाशीलतेशी, लिटरमागील ग्रॅमशी नव्हे.

अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातील खारपाणपट्ट्याबद्दल असेच लिहिता येईल, पण पत्र लांबेल.

आपणास विनंती एवढीच आहे. लोणारविषयी यापुढे वृत्त देताना केवळ सामू आणि एकूण क्षारांचा आकडा न छापता नमुना घेतल्याची तारीख, पाण्याचे तापमान आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट, कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे वेगवेगळे आकडे तपासणी करणाऱ्यांकडून मागून घ्यावेत आणि छापावेत. चार ओळींची जागा लागेल. वैशाखातला एक आणि भाद्रपदातला एक असे दोन संच मिळाले, तरी इथल्या एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यांना पिट्झरची समीकरणे लावून पाहण्यासाठी परक्या समुद्राचे आकडे उसने आणावे लागणार नाहीत.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
धरमपेठ, नागपूर