टीव्हीची भिंत

सातारा,
१२ एप्रिल

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठविलेला नव्या घराचा नकाशा मी मोठ्या कागदावर छापून घेतला असून दोन दिवस तो जेवणाच्या टेबलावरच पसरलेला आहे. बैठकीच्या खोलीत टीव्ही कोणत्या भिंतीवर घ्यायचा, हे इलेक्ट्रिशियनला पुढच्या आठवड्यात सांगावे लागेल, असे तू फोनवर म्हणालास. एकदा भिंतीत चर पाडून पाइप गाडले आणि त्यावर गिलावा व रंग झाला की, ती जागा बदलण्यासाठी पुन्हा छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. म्हणून फोनवर घाईघाईत काही सांगण्यापेक्षा सविस्तर लिहितो आहे.

तुमच्या सजावटकारांनी पूर्वेची भिंत सुचविली आहे, म्हणजे मुख्य दाराच्या शेजारची, बाल्कनीच्या बरोबर समोरची. दारातून आत येणाऱ्याला ती मांडणी भारदस्त वाटेल, हे मला मान्य आहे. परंतु तुमची बाल्कनी पश्चिमेला आहे आणि तिचे सरकते दार आठ फूट रुंद आहे. दुपारी चारनंतरचा सगळा उजेड थेट त्या पडद्यावर जाईल आणि चित्रातला प्रसंग जरा अंधारा असला की तुम्हाला त्यात बाल्कनीचे कठडे आणि वाळत घातलेले कपडे दिसतील. याची खात्री करून घ्यायची असेल तर एक सोपा उपाय आहे. संध्याकाळी पाच वाजता कोणाला तरी त्या भिंतीशी टीव्हीच्या उंचीवर आरसा धरायला सांग आणि सोफा येईल त्या जागी बसून त्यात पाहा. आरशात जे दिसेल, तेच पुढे बंद पडद्यातही दिसणार आहे. याच्या उलट, बाल्कनीच्या दारालगत टीव्ही ठेवून उजेडाकडे तोंड करून पाहणेही डोळ्यांना जड जाते. खिडकीच्या समोर नको आणि खिडकीच्या लगतही नको, म्हटल्यावर दोन लांब भिंतीच उरतात.

त्यांपैकी उत्तरेकडच्या भिंतीमागे न्हाणीघर आहे. आज तेथे ओल नसेल, पण नळाचा एखादा जोड पाझरू लागला की ती भिंत सर्वांत आधी फुगेल, आणि विजेची उपकरणे व त्यांचे सॉकेट अशा भिंतीत असू नयेत, हे मी बांधकामावर तीस वर्षे पाहिलेले आहे. म्हणून माझ्या मते सोफा उत्तरेला आणि टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर असावा. तुमची खोली साडेदहा फूट रुंद आहे. सोफ्याची पाठ, बसण्याची खोली आणि टीव्हीची जाडी वजा जाता डोळ्यांपासून पडद्यापर्यंत साधारण आठ फूट अंतर मिळते. पडद्याच्या कर्णाच्या सव्वा ते पावणेदोनपट अंतर असावे, असा ढोबळ हिशोब धरला तर ५५ आणि ६५ इंची हे दोन्ही संच तेथे बसतात. सूनबाईंना ६५ इंची हवा आहे, तर तोच घ्या. त्याहून मोठा मात्र या खोलीत नको.

आता उंचीविषयी लिहितो. पत्र लिहायला बसलो ते खरे तर याचसाठी. सजावटकारांच्या चित्रात पडद्याची खालची कडच जमिनीपासून सव्वाचार फुटांवर दाखविली आहे, कारण खाली लाकडी पट्ट्यांचे पॅनल आणि त्याखाली कप्पे उठून दिसावेत. ते चित्र पाहिले आणि मला आपल्या जुन्या घरातली फळी आठवली. तू तेव्हा जन्मलेला नव्हतास. २५ जानेवारी १९८७ रोजी रविवार सकाळचे ‘रामायण’ सुरू झाले आणि आळीत टीव्ही असलेल्या मोजक्या घरांपैकी आपले एक असल्याने दर रविवारी तीस-पस्तीस माणसे सतरंजीवर दाटीवाटीने बसू लागली. मागच्यांना दिसावे म्हणून मी लोखंडी अँगल ठोकून साडेपाच फुटांवर फळी बसविली आणि वीस इंची संच त्यावर ठेवला. त्या दिवसांसाठी ते बरोबरच होते. दीड वर्षाने मालिका संपली, लोकांच्या घरी आपापले संच आले, आपल्याकडे बसणारी माणसे तीस-पस्तीसची चार झाली; फळी मात्र होती तेथेच राहिली.

तुझी आजी त्या फळीसमोर तिच्या बुटक्या वेताच्या खुर्चीवर बसे. मान वर धरून अवघडली की ती दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून, डोके त्या हातांवर टेकवून बातम्या पाही. ते मी रोज पाहत होतो आणि ती तिची बसण्याची लकब आहे, असे समजत होतो. पुढे ती माजघरातच बसू लागली. बोलावले तर “मला इथूनच ऐकू येतं” असे म्हणे. मानदुखीसाठी तिला डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी दिवसभराची बैठक विचारली आणि तिने त्यांना फळीचे सांगितले. मला तिने कधीही सांगितले नव्हते. दुसऱ्यांच्या इमारतींत ओळंबा आणि लेव्हल तपासत हिंडणाऱ्या मला, घरातल्या फळीची उंची आईच्या डोळ्यांशी एकदा ताडून पाहावी, असे सुचले नाही, याचे मला आजही फार वाईट वाटते. त्याच संध्याकाळी मी फळी काढली. तरीही आजी माजघरातून बाहेर यायला बरेच महिने लागले, कारण तोवर तिला तेथेच बसायची सवय झाली होती.

म्हणून उंची चित्रावरून ठरवू नकोस, बसलेल्या माणसावरून ठरव. सोफ्याची बैठक सतरा इंचांची असेल तर साधारण बांध्याच्या माणसाचे डोळे जमिनीपासून चाळीस ते चव्वेचाळीस इंचांवर येतात, आणि विसावलेली नजर सरळ रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. ६५ इंची पडदा सुमारे बत्तीस इंच उंच असतो. त्याचा मध्य बेचाळीस इंचांवर धरला तर खालची कड सव्वीस इंचांवर येते. त्याखाली अठरा-वीस इंच उंचीचे कपाट सहज मावते. सजावटकारांना त्यांचे पॅनल वरच्या बाजूला वाढविता येईल. फार खालीही नको, कारण तुझ्या आईचा चष्मा दुहेरी आहे आणि पडदा खाली गेला तर तिला तो वाचण्याच्या भिंगातून धूसर दिसेल.

भिंतीवरची जागा ठरविताना बाल्कनीच्या दारापासून सात फूट सोडावेत. आता एप्रिलात सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो आणि मे-जूनमध्ये आणखी वायव्येला सरकतो, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळचे तिरपे ऊन नेमके दक्षिणेच्या भिंतीवर येईल. अंतर सोडूनही थोडे ऊन येईलच. त्यासाठी दाराला जाड पडदा लावणे भाग आहे. सात फूट सोडून सुमारे पावणेपाच फूट रुंदीचा टीव्ही लावला तरी पूर्वेला पावणेपाच फूट उरतात, त्यामुळे स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या-येणाऱ्याला टीव्हीसमोरून जावे लागणार नाही. सूनबाईंच्या वडिलांनी वास्तुशास्त्राप्रमाणे विजेची उपकरणे आग्नेयेकडे असावीत, असे सुचविले होते. या मांडणीत संच दक्षिण भिंतीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाकडेच झुकतो, हे त्यांना आवर्जून कळव. त्यांना समाधान वाटेल.

एका गोष्टीचा मी बराच विचार केला. पूर्वीचा संच मागे खोल असे, म्हणून तो कोपऱ्यात तिरपा बसे आणि माणसे दोन भिंतींना काटकोनात बसत. एकमेकांचे चेहरे दिसत आणि मान वळविली की टीव्ही दिसे. संच सपाट होऊन भिंतीवर गेल्यापासून बहुतेक घरांतील सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून बसल्या आहेत. तुमच्या घरी तसे होऊ नये, असे मला मनापासून वाटते. सोफा टीव्हीसमोर असू दे, पण दोन खुर्च्या बाल्कनीच्या बाजूला सोफ्याकडे तोंड करून ठेवा, म्हणजे टीव्ही बंद असतानाही त्या खोलीत बसावेसे वाटेल. तेथून पडदा तिरपा दिसणार असल्याने संच घेताना दुकानात बाजूला उभे राहून पाहा. टीव्हीच्या पडद्याचे व्हीए आणि आयपीएस असे दोन प्रकार दुकानात सांगतात. व्हीए पॅनलचा काळा रंग अधिक गडद असतो, परंतु बाजूने पाहिल्यावर रंग फिके पडतात, आयपीएस पॅनलमध्ये तसे कमी होते.

भिंत एएसी ब्लॉकची आहे, असे तू कळविले होतेस. असा काँक्रीटचा ब्लॉक हलका आणि सच्छिद्र असतो, त्यात स्क्रू पकडण्यासाठी भिंतीत ठोकायची साधी गिट्टी काही दिवसांनी सैल होते आणि संच वीस-बावीस किलोंचा आहे. त्या ब्लॉकसाठी मिळणाऱ्या लांब नायलॉनच्या गिट्ट्याच वापरायला सांग, आणि पुढे ओढून फिरविता येणारा ब्रॅकेट घेऊ नकोस, कारण तो पुढे ओढला की स्क्रूंवर येणारा ताण पुष्कळ वाढतो. पडद्यामागे तीन सॉकेट आणि तेथून खालच्या कपाटापर्यंत दोन इंची रिकामा पाइप ठेवावा. विजेच्या तारा आणि इंटरनेटची तार एकाच पाइपातून नेऊ नयेत. एसीचे युनिट टीव्हीच्या वर अजिबात नको, कारण निचऱ्याची नळी तुंबली की पाणी थेट पडद्यावर ठिबकते. त्या भिंतीमागे तुमची झोपायची खोली आहे, तेव्हा साउंडबार भिंतीला न जोडता कपाटावर रबरी पायांवर ठेवा.

शनिवारी सकाळी मी आणि तुझी आई पुण्याला येतो. सत्तावन्न बाय बत्तीस इंचांचा वर्तमानपत्राचा कागद चिकटवून मी बरोबर आणतो. तू सतरा इंच उंचीची एखादी खुर्ची किंवा पेटी खोलीत आणून ठेव. आईला त्यावर बसवू, ती नेहमी बसते तशीच, आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीवर पेन्सिलीची खूण करून मग कागद लावू. तोपर्यंत इलेक्ट्रिशियनला त्या भिंतीला हात लावू देऊ नकोस.

सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
बाबा