चर्चची जुनी घंटा मोडीत घालू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जुन्या चर्चची घंटा मोडीत घालून तिच्या जागी भोंग्यावर रेकॉर्ड केलेला घंटानाद लावावा, असा विचार पंचांमध्ये चालू आहे. घंटेचा आवाज फुटका येतो, हे कारण. मी याच चर्चच्या मंडळीतला, म्हणजे इथल्या उपासकांपैकी आहे आणि माझा याला मनापासून विरोध आहे.

आवाज बिघडला म्हणजे घंटा गेली असे नव्हे. मनोऱ्यावर चढून मी ती नीट पाहिली. लोलक वर्षानुवर्षे त्याच दोन जागी आदळून काठाला खळगे पडले आहेत. ओढायला सोपे म्हणून कुणीतरी दोर थेट लोलकालाच बांधला आहे. असा दोर ओढून धरला की लोलक आपटून सुटत नाही, काठाला दाबून राहतो, आणि घंटेला तडा जातो तो बऱ्याचदा यामुळेच. दोर आधी सोडवा. घंटा पाव फेरा फिरवून टांगली की लोलक न झिजलेल्या जागी पडेल. तडा सापडलाच तर गावातल्या वेल्डिंगवाल्याला मात्र वर चढवू नका. कथिलामुळे कासे ठिसूळ असते, एकाच जागी तापवले की तडा आणखी वाढतो.

मागच्या रंगकामात घंटेलाही चंदेरी ऑइलपेंट फासला गेला. त्याखाली उठावाची अक्षरे बोटांना लागतात. रंग काढायचा तर मऊ ब्रशने, सावकाश. तेजाब नको, ग्राइंडर तर नकोच. मोडवाला किलोवर घेणार, त्याला त्या अक्षरांचे काय?

१७३९ साली वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तिथल्या पोर्तुगीज घंटा आणल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची घंटा आजही लोक मुद्दाम बघायला जातात. त्या वितळवल्या असत्या तर काय उरले असते? आमची घंटा त्या मानाने लहान आणि अलीकडची. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनरी या भागात काम करू लागले, तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. पुढे त्याचा धुळे जिल्हा झाला आणि १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. त्या काळाची लेखी कागदपत्रे गावात कुणाच्या घरी सापडायची? घंटेवरची अक्षरे तेवढी हाताशी आहेत. पाड्यापाड्यावर घड्याळे नव्हती तेव्हा उपासनेची वेळ हिच्या टोल्यांवर कळायची, आणि संथ टोले पडू लागले की कुणाच्या तरी घरी मयत झाली हे शेतातल्या माणसालाही समजायचे.

नाताळपूर्वी मनोऱ्याची डागडुजी होणारच आहे. पाळकसाहेबांना आणि पंचांना माझी विनंती आहे की त्याच वेळी हे काम उरकावे, आणि घंटेवरच्या अक्षरांचे फोटो व कागदावर घासून घेतलेले ठसे मंडळीच्या दप्तरात ठेवावेत. खानदेशात ज्या मंडळींनी किंवा देवस्थानांनी जुनी घंटा फिरवून बसवली असेल, त्यांनी कारागीर कुठला मिळाला ते आपल्या या सदरातून जरूर कळवावे.

आपला,
एक वाचक, ता. नवापूर, जि. नंदुरबार