भोसरीत भेटलेल्या दादांचे आभार
शनिवारी आमचं फायबर लेझर मार्किंग मशीन नव्या डेस्कटॉपला जोडलं, तर ईझीकॅड (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) ‘डोंगल सापडत नाही’ म्हणून, म्हणजे मशीनचं कंट्रोलर कार्ड न दिसल्याने, थेट डेमो मोडमध्ये जायचं आणि खरं मार्किंग व्हायचं नाही. सोमवारी 400 रिंगा नंबर टाकून द्यायच्या होत्या. शेजारच्या गाळ्यात माल पोचवायला आलेले एक दादा माझा चेहरा बघून आत आले. डिव्हाइस मॅनेजरमधली पिवळी खूण बघून त्यांनी कंट्रोलर कार्डाचा ड्रायव्हर हाताने टाकला. तरी मार्किंग सुरू झालं की कनेक्शन तुटायचं. मग यूएसबी केबल पुढून काढून मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टात लावली, अर्थिंगची सैल तार आवळली. पहिला नंबर उमटला, तेव्हा ती रिंग रुमालाने पुसून त्यांनी माझ्या आईच्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत, फक्त चहा घेतला. गडबडीत नाव विचारायचं राहून गेलं. दादा, माल वेळेवर गेला. मनापासून आभार!