लाकूड द्या, पण साल आणि पातेरा रानातच राहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातल्या खासगी रानांच्या तोडीवर आपल्याकडे बरीच पत्रं येतात. त्यांत झाडं किती गेली याचा हिशेब असतो. मला झाडांखालच्या मातीविषयी लिहायचं आहे, कारण ती जाताना मी माझ्याच जागेत पाहिली.

संगमेश्वर तालुक्यात आमचं वरकस, म्हणजे डोंगरउतारावरचं, रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा. 2009 साली वरचा तुकडा ठेकेदाराला दिला. तेव्हा गड्यांनी कुऱ्हाड-करवतीने तोडलं आणि जाड ओंडके तेवढे खांद्यावरून रस्त्याला नेले. डहाळ्या, पाला जागेवर कुजला. पुढच्या पावसात खुंटांना धुमारे फुटले आणि आज तिथे पुन्हा सावली आहे.

2021 मध्ये खालचा तुकडा दिला. या वेळी जेसीबीने वाट काढून ट्रक थेट आत आला. मनगटाएवढ्या फांद्यासुद्धा जळाऊ म्हणून भरून घाटावर गेल्या. काजू लावायचा म्हणून आम्ही खुंट उपटून घेतले आणि उरलासुरला पातेरा, म्हणजे गळलेला पाला, पेटवला. हा निर्णय आमचाच होता, ठेकेदाराला दोष देत नाही. जूनमध्ये खालचा पऱ्या (ओढा) लालभडक वाहिला. दोन पावसाळ्यांनी माती तपासून घेतली. खालच्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब ‘कमी’ आणि हाकेच्या अंतरावरच्या वरच्या तुकड्यात ‘भरपूर’. काजूची कलमं आता दरवर्षी गोणीतलं खत मागतात. आमच्या आजोबांच्या हयातीत त्या जागेला कुणी मूठभर खत घातलं नव्हतं.

असं का होतं, ते मी समजून घेतलं. आपली जांभ्याची माती तीन हजार मिलिमीटरच्या पावसात धुऊन निघालेली. तिच्या स्वतःच्या अंगात अन्न धरून ठेवायची ताकद थोडी, ती ताकद कुजलेल्या पाल्याची. त्यामुळे रानाचं बरंचसं अन्न झाडांत आणि वरच्या वीतभर थरात फिरत असतं. पान गळतं, बुरशी आणि किडे ते कुजवतात, मुळं लगेच उचलतात. खोडाचं लाकूड वजनाला जड, पण त्याचा मोठा भाग हवेतून आलेला कर्ब. नत्र, पालाश, कॅल्शियम दाटून असतात ते पानांत, डहाळ्यांत आणि सालीत. ऐनाच्या सालीत तर चुना एवढा की जुनी माणसं तिची राख विड्याला लावत. ती साल आम्ही ट्रकमध्ये भरून दिली.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात 1965 च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं पाडली. एक काडीही बाहेर नेली नाही. फक्त तणनाशक फवारून नवी उगवण दाबून ठेवली. तरी ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे विरघळलेलं नत्र, पहिल्या वर्षी सुमारे 40 पट आणि दुसऱ्या वर्षी 50 पटींहून जास्त वाढलं. पालाश आणि कॅल्शियमही वाहून गेलं. नत्र धरून ठेवायला जिवंत मुळंच उरली नव्हती. आमच्या लाल पऱ्यातून मातीबरोबर न दिसणारं अन्नही गेलं असणार, हे मला तेव्हा कळलं. खुंटाला फुटलेला धुमारा हा नुसता नव्या झाडाचा कोंब नसतो, तो रानाचं अन्न अडवून धरतो. आम्ही तोच उपटला.

कुणी म्हणेल, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (झाडांच्या डहाळ्या) तोडून आपणही पिढ्यान्‌पिढ्या रानाचं अन्न काढतच आलो. खरं आहे, आणि त्याने कितीतरी डोंगर बोडके झाले. पण ती राख निदान गावच्याच भाताच्या खाचरात पडायची. ट्रक गेला की ते अन्न गावातूनच गेलं.

लाकूड विकूच नये असं मी म्हणणार नाही. मुलीचं शिक्षण, घराचं छप्पर यांसाठी रान विकणारी घरं मला ठाऊक आहेत, आमचंही त्यातलंच. 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली मी परवानगी मागितली, तेव्हा अर्जात झाडाची जात आणि घेर लिहिला. सालीचं, पाल्याचं, खुंटाचं काय करणार, हे कुणी विचारलं नाही. वन विभागाने परवानगी देतानाच तीन अटी घालाव्यात: खुंट उपटायचे नाहीत, चढावरचं रान एका हंगामात सरसकट साफ करायचं नाही आणि मनगटाहून बारीक लाकूड, साल, पाला जागेवर ठेवायचा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तोडीआधीची आणि नंतरची माती तपासून ते आकडे ग्रामपंचायतींना द्यावेत.

यंदा तिसऱ्या तुकड्याचा सौदा करताना मी या अटी स्वतःच कागदावर लिहून घेतल्या. ठेकेदाराने भाव उतरवला, तो मी मान्य केला. ऐनाची साल जागेवर सोलायला लागणाऱ्या दोन गड्यांची मजुरी मी देणार आहे.

आपली,
एक शेतकरी महिला
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी