दार फुगते ते न दिसणाऱ्या कडांतून

संपादक महोदय,

गणपतीच्या तोंडावर कोकणात अनेक घरांत मुख्य दार बदलायचे काम निघते. दुकानात बोलणे होते ते सनमायका, नक्षी आणि कुलपाचे. पल्ल्याच्या, म्हणजे दाराच्या उघडझाप होणाऱ्या फळीच्या, वरच्या आणि खालच्या कडेबद्दल कोणी विचारत नाही, आणि पावसात दार अडकते ते बहुतेक वेळा तिच्यामुळेच.

लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोके वर-खाली उघडी असतात आणि ओल सर्वांत वेगाने तिथूनच शिरते. दर्शनी बाजूला पॉलिश होते. खालची कड दिसत नाही म्हणून कोरीच राहते. पल्ला टांगण्याआधी सहाही बाजूंना प्रायमर आणि वर रंगाचे किंवा पीयूचे (पॉलीयुरेथेन पॉलिशचे) दोन हात द्यायलाच हवेत. बिजागऱ्यांच्या खाचा आणि कुलपाचे भोकही त्यात धरावे.

अडकलेल्या दाराला भर श्रावणात रंधा मारून घेणे ही तर सरसकट होणारी चूक. तोच पल्ला उन्हाळ्यात आकसतो आणि फट पडते. शिवाय तासलेली कड उघडी राहिली तर पुढच्या पावसात आणखी पाणी पिते. आधी दार घासते कुठे ते पाहावे. फक्त कुलपाकडच्या वरच्या कोपऱ्यात घासत असेल तर पल्ला फुगलेला नाही, लोंबला आहे: वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळावेत किंवा लांब स्क्रू घालावेत. उंचीभर घासत असेल तरच तो फुगला आहे, आणि तासायचाच असेल तर हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीनंतर.

नवा फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट, प्लायवूडचा पल्ला) घेताना ‘वॉटरप्रूफ’ या तोंडी शब्दावर जाऊ नये. बाहेरच्या दाराला भरीव गाभ्याचा, 35 मिमी जाडीचा पल्ला घ्यावा. त्यावर आयएस 2202 (अशा पल्ल्यांचे भारतीय मानक) चा शिक्का पाहावा आणि जाडी व बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) गोंद हे दोन्ही बिलावर लिहून घ्यावे. दुकानदारांनी ते न मागता लिहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. सात बाय तीन फुटांचा असा पल्ला चाळीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून तीनऐवजी चार बिजागऱ्या लावाव्यात. समुद्राजवळ त्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळी हव्यात. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू मारले तर स्क्रू आधी गंजतात.

माप घेताना रुंदी तीन ठिकाणी, उंची दोन्ही बाजूंना आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण जुळत नसतील तर आधी चौकट गुण्यात (काटकोनात) आणावी. नवी चौकट बसवायची असेल तर भिंतीकडची बाजूही रंगवून घ्यावी, कारण जांभ्याची भिंत पावसात ओल धरते. बाजूंना आणि वर साधारण 3 मिमी मोकळीक पुरते, खाली 5 मिमी. पश्चिमेच्या दाराला छज्जा नसेल, तर पल्ल्याच्या तळाशी बाहेरून उतरती पट्टी ठोकून घ्यावी, म्हणजे निथळणारे पाणी उंबरठ्याच्या बाहेर पडते.

– एक वाचक, रत्नागिरी