चंद्रास्ताची वेळपण छापा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'आज रात्री आकाशात दुर्मिळ योग' अशी बातमी पेपरात दिसली की मला 24 मार्च 2023 ची संध्याकाळ आठवते आणि जीव हळहळतो, म्हणून हे पत्र लिहितेय.

त्या दिवशी चैत्र शुद्ध तृतीया होती, पाडवा होऊन दोनच दिवस झालेले. सकाळी घरात चैत्रगौर झोपाळ्यात बसवली होती. संध्याकाळी कपडे काढायला गच्चीत गेले तर यवतेश्वरच्या डोंगरावर (आम्ही साताऱ्याचे) बारीकशी चंद्रकोर आणि तिच्या अगदी खाली शुक्राची चांदणी, एवढी जवळ की हात लावून सरळ करावीशी वाटावी. मी खाली धावत जाऊन सासूबाईंना आणि मुलीला वर आणलं. सासूबाई गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत, त्या दिवशी चढल्या. बघून म्हणाल्या, अगं ही तर गौरीच्या कपाळावरची कोर, खाली टिकलीसकट. समोरच्या बिल्डिंगमधल्या भाभींचा तो पहिला रोजा होता, तो सोडून त्याही त्यांच्या गच्चीत येऊन बघत उभ्या होत्या.

आणि बाकीची बिल्डिंग? बाकीची बिल्डिंग जेवणं उरकून साडेनऊला वर आली, कारण व्हॉट्सॲपवर आणि बातमीत सगळीकडे 'आज रात्री' एवढंच लिहिलेलं. तोवर चंद्रही मावळला होता आणि शुक्रही. लहान पोरं झोपेतून उठवून आणलेली, ती रडायला लागली. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले की हे पेपरवाले काहीही छापतात. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण बातमी खोटी नव्हती, घडलं होतं ते खरंच होतं, उलट त्या दुपारी भारतातल्या बऱ्याच भागांत चंद्राने शुक्राला चक्क झाकून टाकलं होतं आणि दिवस मावळायच्या आत शुक्र पलीकडून बाहेरही आला होता. फक्त कुठे आणि किती वाजता बघायचं हे कुणी सांगितलं नाही.

शुक्र सूर्यापासून फार लांब कधी जातच नाही. जास्तीत जास्त 47 अंश. त्यामुळे तो एकतर संध्याकाळी पश्चिमेला दिसणार नाहीतर पहाटे पूर्वेला, आपल्याकडून मध्यरात्री कधीच दिसणार नाही. आणि तृतीयेची कोर तर दिवस मावळल्यावर दोन-अडीच तासात जाणारच. एवढं एक वाक्य बातमीत असतं तरी साडेनऊला कुणी पोरांना उठवलं नसतं.

दुसरं म्हणजे 'दुर्मिळ' हा शब्द. चंद्र 27 दिवसांत सगळ्या नक्षत्रांतून एक चक्कर मारतो, आणि ग्रहसुद्धा साधारण त्याच वाटेवर असतात, चंद्राची वाट फक्त पाचेक अंश कललेली, मग प्रत्येक ग्रहाजवळून तो दर महिन्याला जाणारच ना. कधी चार अंश लांबून, कधी एक अंशावरून, आणि कधीतरी थेट पुढून. (हात लांब करून करंगळी धरली की तिची जाडी साधारण एक अंश भरते, आख्खा चंद्र तिच्यामागे लपतो, मुलांना हे करून दाखवा, फार आवडतं.) जवळ दिसतात म्हणजे जवळ असतात असंही नाही, चंद्र आपल्यापासून पावणेचार-चार लाख किलोमीटरवर आणि शुक्र त्या दिवशी 18-19 कोटी किलोमीटरवर होता.

खरंच दुर्मिळ म्हणावं असं 21 डिसेंबर 2020 ला झालं होतं. गुरू आणि शनी, दोघांत फक्त 0.1 अंश, म्हणजे चंद्राच्या बिंबाचा पाचवा हिस्सा. नुसत्या डोळ्यांना जवळजवळ एकच तारा वाटत होता. गुरूला फेरी मारायला 12 वर्षं लागतात, शनीला साडेएकोणतीस, त्यामुळे दर वीसेक वर्षांनी त्यांची गाठ पडते, पण एवढ्या जवळून 1623 नंतर पहिल्यांदा आणि आता पुढे 2080 ला. हे हिशोब आपल्या लोकांना काही परके नाहीत हो. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ, कन्येत गेला की नृसिंहवाडीला कन्यागत, म्हणून तर 2015 ला एक झाला आणि 2016 ला दुसरा. शनी एका राशीत अडीच वर्षं, म्हणून तीन राशींची साडेसाती. ज्यांचा ह्यावर विश्वास आहे आणि ज्यांचा नाही त्या दोघांनाही तो गुरू आणि शनी आकाशात बोट दाखवून ओळखता यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

फोटोंचं पण बघा. जानेवारी 2025 ला संध्याकाळी शुक्र आणि शनी पश्चिमेला, गुरू वर, मंगळ पूर्वेला असं सुंदर आकाश होतं, आणि सगळीकडे फिरत होतं काय, तर मोठमोठे रंगीत गोळे माळेसारखे एका ओळीत लावलेलं चित्र. माझ्या मुलीने ते चित्र बघून वर बघितलं आणि म्हणाली, आई, काहीच नाही दिसत. चार ग्रह तिच्या डोक्यावर असताना!

तर माझी विनंती एवढीच आहे की राशिभविष्याशेजारी तुम्ही तिथी, सूर्योदय, सूर्यास्त रोज देताच, तिथेच चंद्रोदय-चंद्रास्त आणि दोन ओळी आकाशाच्या द्या. जास्त जागा लागत नाही. त्या दिवशी एवढं छापलं असतं तरी चाललं असतं: 'आज संध्याकाळी पश्चिमेला, सूर्यास्तानंतर पाऊण तासापासून साडेआठपर्यंत, चंद्रकोरीच्या लगेच खाली शुक्र. साध्या डोळ्यांनी दिसेल. पश्चिमेला डोंगर किंवा बिल्डिंग असेल तर लवकर बघा.'

आपली,
एक वाचक, सातारा